मुक्काम कुठे करायचा, कुसाकाला विचारा

हाकोनेत मुक्काम कुठे करायचा हे ज्याला कळत नाही त्याने कुसाका मोरिओला विचारावं, असं चौतीस वर्षं सगळे म्हणत आले. युमोतो स्टेशनाबाहेर चौकशीची एक खिडकी होती. तिच्यामागे कुसाका बसायचा, नाकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल, समोर डोंगराचा नकाशा. आणि चौतीस वर्षांत स्वतः हाकोनेत एकही रात्र पाहुणा म्हणून राहिला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातलाच हा प्रकार. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणतो. न्हाव्याच्या खुर्चीत, सार्वजनिक न्हाणीत गळ्याएवढ्या पाण्यात, जिथे दोन कान सापडतील तिथे तो ही गोष्ट सांगत सुटतो आणि सांगताना स्वतःला जराही सोडत नाही.

खिडकीवर त्याचे तीन प्रश्न ठरलेले. किती जण? किती रात्री? आणि गुडघे कुणाचे दुखतात? पहिले दोन सगळेच विचारतात. तिसरा त्याचा स्वतःचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! कारण हाकोने म्हणजे काही एक गाव नव्हे. डोंगरभर पसरलेल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सात-आठ वस्त्या, एकीचं तोंड दुसरीकडे नाही. युमोतोत उतरलात की पोचलात, पण डोंगर बघायला मान वर करावी लागते. गोरा म्हणजे नुसता चढ. स्टेशनातून बाहेर पडलात की एकतर चढा नाहीतर उतरा, सपाट असं काही गोराच्या नशिबात नाही. सरोवराकाठी हवा मोठी झकास, पण धुकं उतरलं की शेजारचा माणूस दिसत नाही, तिथे फुजी पर्वत काय डोंबल दिसणार! आणि सेंगोकुहारा म्हणजे गवत, वारा आणि संध्याकाळी लवकर बंद होणारी चार दुकानं.

माणसाचे जोडे बघून कुसाका ओळखायचा की याला कुठे धाडायचं. उंच टाचांना गोरा नाही. पोरंबाळं असतील तर सरोवर, बोटी बघून गप्प बसतात. नवं लग्न झालेल्यांना सेंगोकुहारा, निवांत. एकदा अशी एक नवी नवरी दुसऱ्याच दिवशी खिडकीवर परत आली. म्हणाली, "काका, तिथे आम्हाला एकमेकांशी बोलण्यावाचून दुसरं कामच नाही हो!"

"मग बरंच की," कुसाका म्हणाला.

"बरं कसलं? सगळं बोलून झालं आणि मग भांडण झालं."

त्याने त्या दोघांना मुकाट्याने युमोतोत हलवलं, दुकानांच्या गल्लीत. पुढच्या वर्षी त्यांचं नववर्षाचं कार्ड आलं, दोघांच्या नावाने. कुसाकाने ते खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

खिडकीचा एक नियम मात्र कडक होता. अमुक जागा सगळ्यांत चांगली असं म्हणायचं नाही. सगळ्या वस्त्यांतली हॉटेलं वर्गणी देतात, त्यामुळे सगळ्या वस्त्या सारख्याच छान. कुसाकाच्या जिभेवर हा नियम असा बसला की तो घरीही सुटेना. बायको विचारायची, "मासा करू की टोफू?" हा म्हणायचा, "दोन्ही छानच." ती विचारायची, "पडद्याला निळं कापड घेऊ की तपकिरी?" हा म्हणायचा, "दोन्हींची आपापली मजा आहे." शेवटी नोबुए कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "अहो, मी खिडकीवरचं गिऱ्हाईक नाहीये." आणि पडदे स्वतःच आणायची. तपकिरी.

नोबुए गोरातल्या त्सुतानोया नावाच्या जुन्या सराईत सव्वीस वर्षं खोल्या सांभाळत होती. बारा खोल्यांची लाकडी सराई, मालकीणबाई आता सत्तरी ओलांडलेल्या. सकाळी पाहुण्यांचा नाश्ता, मग गाद्या उचलायच्या, खोल्या पुसायच्या. दुपारी चार तास मोकळे, पण त्यातले निम्मे गाडीने खाली यायला आणि परत वर जायलाच गेले असते, म्हणून ती वरच कुठेतरी टेकायची. संध्याकाळी पाहुण्यांचं जेवण, एकेक ताट गुडघ्यावर बसून वाढायचं. ते जेवले की गाद्या घालायच्या. घर त्यांचं युमोतोच्या दोन स्टेशनं खाली, काझामात्सुरीला. ती घरी पोचायची तेव्हा कुसाका कोपऱ्यावरच्या दुकानातले गार झालेले बटाट्याचे कटलेट खाऊन टीव्हीसमोर पेंगत असायचा. नवरा डोंगराच्या पायथ्याशी लोकांना वर धाडायचा, बायको वर त्यांना वाढायची. शेजारीपाजारी गमतीने म्हणायचे, यांनी आख्खं हाकोने वाटून घेतलंय.

मार्चमध्ये कुसाका निवृत्त झाला. सप्टेंबरमध्ये मालकीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की ऑक्टोबरअखेर त्सुतानोया बंद. मुलगा योकोहामात दातांचा डॉक्टर, त्याला सराईत रस नव्हता. जागा विकली होती. सराई पाडून तिथे श्रीमंतांसाठी सुट्टीची घरं बांधणार होते. नोबुए घरी आली, चपला नीट जोडून ठेवल्या, हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि भात लावायला गेली.

चार दिवसांनी सकाळी मिसो सूप ओतताना ती म्हणाली, "अहो, एकदा आपणही राहू या का कुठेतरी? एक रात्र. पाहुणे म्हणून."

कुसाकाचा घास हातातच राहिला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. या बाईने कधी काही मागितलं नव्हतं. दागिना नाही, प्रवास नाही, नवा पंखासुद्धा नाही. आणि मागितलं ते हे, नेमकं त्याच्या धंद्यातलं! त्याची छाती फुगली. "तू काही बघू नकोस," तो म्हणाला, "माझ्यावर सोड."

"हागीच्या खोलीसमोरचा मेपल ऑक्टोबरअखेर लाल व्हायला लागेल," नोबुए म्हणाली. हागी म्हणजे त्सुतानोयातली तिची खोली, म्हणजे तिने सांभाळलेली.

"हं," कुसाका म्हणाला आणि नकाशा शोधायला उठला.

पुढचे पंधरा दिवस त्याने घराची नुसती खिडकी करून टाकली. बैठ्या टेबलावर नकाशा, वर लाल पेन्सिल, जेवायचं ते कोपऱ्यात सरकून. पहिली फुली मारली गोरावर. "सव्वीस वर्षं तू ते चढ चढलीस," तो बायकोला म्हणाला, "आता सुट्टीतही चढायला लावू काय तुला? मी काय माणूस आहे की कोण?" ही फुली मारताना त्याला स्वतःच्या चांगुलपणाचं इतकं कौतुक वाटलं की त्याने ती दोनदा मारली. नोबुए शेंगा सोलत होती.

मग युमोतो. तिथे राहायचं म्हणजे सकाळी पडदा सरकवला की समोर आपलीच खिडकी. फुली. मियानोशिताला मोठं जुनं हॉटेल, पण जेवण काट्या-सुऱ्यांनी, आणि नोबुएला काटा धरला की बोटं लिहायला शिकणाऱ्या पोरासारखी होतात. फुली. सरोवर? वारा, धुकं, तिचे गुडघे. फुली.

राहिलं तोनोसावा, नदीकाठचं. पण तिथल्या सराईचा मालक कुसाकाचा शाळासोबती. आणि खरी मेख इथेच होती. आपल्याकडे ओळखीच्या सराईत उतरायचं म्हणजे काय ते हाकोनेवाल्यांनाच ठाऊक! तो साध्या खोलीच्या भावात कोपऱ्यावरची मोठी खोली देणार. ताटात न मागितलेला मासा येणार. आपण जाताना मिठाईची एक पेटी नेली तर निघताना तो दोन देणार. मग उन्हाळ्यात आपण काहीतरी धाडायचं, वर्षअखेरीला तो धाडणार, त्याच्या नातवाच्या मुंजीला... मुंज नव्हे, शाळाप्रवेशाला आपण पाकीट द्यायचं. एक रात्र राहायचं आणि मरेपर्यंत मिठाई वाहायची. "त्यापेक्षा जिथे कुत्रंही ओळखत नाही तिथे जाऊ," कुसाका म्हणाला.

असं करत करत सेंगोकुहारा उरलं. ऑक्टोबरअखेरीला तिथलं उंच गवत सोनेरी होतं, टेकडीच्या टेकडी. गवताला लागून एक लहानशी, नव्या मालकाने घेतलेली सराई होती. कुसाकाने फोन केला आणि कुणी ओळखू नये म्हणून नाव सांगितलं सेकिने. नोबुएचं माहेरचं नाव. एकतीस ऑक्टोबर, दोन जण, एक रात्र. फोन ठेवून तो हात चोळत म्हणाला, "झालं! गवत त्याच दिवशी सगळ्यात छान असणार."

"एकतीसला त्सुतानोयाचा शेवटचा मुक्काम आहे," नोबुए म्हणाली. "मला एकोणतीसलाच निरोप देणार आहेत. शेवटच्या रात्री फक्त जुने पाहुणे."

"मग तर बरंच झालं, तू मोकळीच," कुसाका म्हणाला. आपण किती गाढव होतो हे सांगायला तो इथे नेहमी थांबतो. ऐकणाऱ्याला मात्र ते केव्हाच कळलेलं असतं.

एकतीस तारखेला दोघं निघाले. नोबुएने गडद हिरवा किमोनो नेसला होता. कुसाकाने नवीन टोपी. सेंगोकुहाराची बस युमोतोहूनच सुटते, म्हणून स्टेशनात उतरावं लागणारच होतं, पण बसथांब्याकडे सरळ न जाता कुसाका मुद्दाम खिडकीकडून वळला. त्याच्या जागी आता इवासे नावाची बाई बसायची, चाळिशीची, नगरपालिकेतून बदलून आलेली. तिने आपल्याला टोपीत बघावं अशी त्याची फार इच्छा होती.

"नमस्कार, बाई!" तो ऐटीत काउंटरवर हात टेकून म्हणाला. "आज मी गिऱ्हाईक. विचारा मला."

इवासेबाईला मजा वाटली. तिने गंभीर चेहरा करून पेन्सिल उचलली. "किती जण?"

"दोन."

"किती रात्री?"

"एक."

"गुडघे कुणाचे दुखतात?"

"हिचे. म्हणून सेंगोकुहारा. सपाट. गवत सोनेरी, ओळखीचं कुणी नाही. चौतीस वर्षांचा अनुभव आहे, बाई!" कुसाका हसला. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघा-तिघांकडेही त्याने वळून बघितलं, त्यांनाही ऐकू जावं म्हणून.

इवासेबाई हसली. मग तिने मान थोडी बाजूला केली आणि कुसाकाच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या नोबुएला विचारलं, "आणि तुम्हाला कुठे राहायचंय?"

साधा प्रश्न. पण कुसाकाने चौतीस वर्षांत तो कधी विचारला नव्हता. त्याचे तीनही प्रश्न पाकीट ज्याच्या हातात असेल त्यालाच. बायका मागे उभ्या राहायच्या, पिशव्या सांभाळत.

नोबुए गडबडली. "मला?" ती म्हणाली. "नाही, आता सगळं ठरलंय. उगाच." मग पिशवीचा बंद हातातल्या हातात पिळत ती हळूच म्हणाली, "मला गोराला राहायचं होतं. त्सुतानोयात. हागीच्या खोलीत."

रांगेतलं कुणीतरी खोकलं. कुसाकाला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नकाशा उघडलात."

"पण तो चढ..."

"सव्वीस वर्षं चढले तो चढ. अजून एकदा चढले असते." नोबुए रागावली नव्हती. ते आणखी वाईट होतं. ती त्याला समजावून सांगत होती, काही न कळणाऱ्या नव्या पाहुण्याला समजावतात तसं. "मी त्या खोलीत दर रात्री लोकांच्या गाद्या घातल्या. मी तिथे कधी आडवी झालेली नाही. उद्यानंतर ती खोलीच नसणार. म्हणून वाटलं. बाकी काही नाही. चला, बस लागेल."

आपण किती मोठे तज्ज्ञ हे दाखवायला कुसाका खिडकीकडून वळला होता, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. बायकोची जन्मात एक मागणी. तीही आपल्याच धंद्यातली. आणि आपण तिच्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली, तीसुद्धा दोनदा! इवासेबाईने न विचारता फोन उचलून त्सुतानोयाचा नंबर फिरवला आणि फोन त्याच्याकडे सरकवला.

मालकीणबाई फोनवर आल्या. कुसाकाने आयुष्यात कुणाला गळ घातली नव्हती, लोकांनी आपल्याला घातलेली ऐकली होती. तो म्हणाला, "बाई, मला एक खोली हवीय. हागीच. दुसरी नको. दुसरी कितीही छान असली तरी नको." नोबुएने चमकून त्याच्याकडे बघितलं.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "कुसाकासान, हागीत आज ताचिकावा नवरा-बायको आहेत. बावीस वर्षं, मेपल लाल व्हायला लागला की येतात. आता त्यांना कसं उठवू? एवढं आधी सांगितलं असतंत तर!"

"गाढवपणा झाला, बाई."

"कुणाचा?"

"माझा. नोबुएचा नाही."

"ते ठाऊक आहे मला," मालकीणबाई म्हणाल्या. "असं करा. ते उद्या दहाला निघतील. बारा वाजता माणसं जमिनीत बसवलेल्या चटया उचलायला येणार आहेत. मधले दोन तास खोली नोबुएची. गाद्या मी उचलू देणार नाही, तशाच ठेवते."

दोघं सेंगोकुहाराच्या बसमध्ये बसले. गवत खरंच सोनेरी होतं, वाऱ्यावर आख्खी टेकडी डोलत होती. कुसाकाने त्याकडे बघितलंच नाही. नोबुए बघत होती. "छान आहे हो," ती म्हणाली. त्याच्या मनासाठी म्हणाली हे त्यालाही कळलं.

सराईत शिरल्या शिरल्या "सेकिनेसान, सेकिनेसान" अशा हाका आल्या आणि कुसाकाने लक्ष दिलं नाही, कारण सेकिने कोण हे तो विसरला होता. तेवढ्यात आतून मालक धावत आला. "कुसाकासान! तुम्ही? गेल्या वर्षी तुम्ही मला किती पाहुणे धाडलेत!" म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवलं ते लपवलंच, वर भांडंही सापडलं. कोपऱ्यावरची मोठी खोली मिळाली. ताटात न मागितलेला मासा आला. कुसाका मनातल्या मनात उन्हाळ्यात काय धाडायचं त्याचा हिशेब करू लागला.

संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसले. वाढायला आलेली बाई गुडघ्यावर बसून एकेक वाटी मांडत होती. नोबुए रिकाम्या वाट्या तिच्या हाताशी सरकवत होती, मोठीवर लहान, झाकणं बाजूला. तिसऱ्या वेळी त्या बाईने हात थांबवून विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या सराईत?"

"त्सुतानोया," नोबुए म्हणाली.

"अरेरे," ती बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. ती गेल्यावर नोबुए म्हणाली, "हिचे पाय दुखत असणार. डाव्या गुडघ्यावर भार देत नाहीये." हे कुसाकाला दिसलं नव्हतं. गुडघ्यांचा इतका मोठा जाणकार, पण त्याला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोघं गोराला पोचले. निघताना मिळालेल्या मिठाईच्या दोन पेट्या कुसाकाच्या हातात. चढ चढताना तोच दोनदा थांबला. नोबुए पुढे जाऊन वाट बघत उभी राहायची.

त्सुतानोयाच्या दारातच अर्धं सामान गाडीत चढवलेलं होतं. फुलदाण्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मालकीणबाईंनी नोबुएला दारातच थांबवलं. "तिकडून नाही," त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षं ती मागच्या दाराने आत जात आली होती, तिची पावलं तिकडेच वळली होती. "आज इकडून ये. पाहुणी आहेस."

हागीच्या खोलीत दोन गाद्या तशाच होत्या, ताचिकावा नवरा-बायकोंनी उठताना टाकलेल्या. बाहेर मेपल, वरची पानं लाल, खालची अजून हिरवी. नोबुए आत गेली आणि तिचे हात आपोआप पहिल्या गादीचं टोक उचलायला गेले.

"ठेव ती," कुसाका म्हणाला.

"नीट तरी करते."

"ठेव म्हटलं ना! आडवी हो. मी चहा आणतो."

चहा आणतो म्हणाला खरा, पण सराईच्या स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत ताट न्यायचं म्हणजे काय प्रकरण आहे हे त्याला तेव्हा कळलं. दार सरकवायला हात मोकळा नाही म्हणून त्याने पायाने सरकवलं. आतून नोबुएचा आवाज आला, "अहो! पायाने? बसा. ताट खाली ठेवा. मग दोन्ही हातांनी. हं. आता आत या. उभं राहून नाही." कुसाका गुडघ्यांवर बसला, ताट पुढे सरकवलं, गुडघ्यांवरच आत आला, परत वळून दार लावलं. तेवढ्यात चहा बशीत सांडला आणि त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं. सव्वीस वर्षं. दिवसाला बारा खोल्या, दोन वेळची ताटं. तो गुणाकार करायला गेला आणि मध्येच सोडून दिला, कारण आकडा आवडत नव्हता.

नोबुए गादीवर आडवी झाली होती. किमोनो नीट, पाय जुळवलेले, हात पोटावर. ती वर बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तो डाग बघा."

छतावर, बरोबर उशीच्या वर, पाण्याचा जुना तपकिरी डाग होता, पसरट थाळीएवढा. उभं राहिलं की मध्ये तुळई यायची आणि तो दिसायचा नाही. कुसाकाने वाकून, बसून बघितलं. आडवं झाल्यावरच दिसायचा.

"सव्वीस वर्षं," नोबुए म्हणाली. "सव्वीस वर्षं मी ही खोली पुसली. कोपरे काडीने कोरून काढले. दाराची चौकट रोज. आणि हा इथे होता. प्रत्येक पाहुणा झोपताना हाच बघत होता. कुणी एक शब्द बोललं नाही. जाताना सगळे म्हणायचे, खोली किती स्वच्छ!" तिचा आवाज चढला. "एकाने सांगितलं असतं. एकाने! पुसला असता मी."

आणि ती रडायला लागली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता, आडवी असतानाच. कानात पाणी जात होतं. कुसाकाने तिला असं रडताना एकोणचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हाही ती ताटं धूत होती. "दोन्ही छानच" असं काहीतरी तोंडात आलं ते त्याने गिळलं. आत कुठेतरी त्याला कळलं की पाहुण्यांनी जे केलं तेच त्याने केलं होतं. छान, छान म्हणत तोही राहून गेला होता, इतकी वर्षं, त्यांच्या घरात.

त्याने उठून जिन्याखालून मोडका स्टूल आणला. मालकीणबाईंकडून ओलं फडकं मागून घेतलं. त्या म्हणाल्या, "अहो, पुढच्या आठवड्यात पाडायचंय ते." तो म्हणाला, "ठाऊक आहे."

स्टूल गादीशेजारी ठेवून कुसाका चढला. नोबुए उठायला लागली. "पडाल, मी चढते."

"पाहुणीने झोपून राहायचं," कुसाका म्हणाला. "कुठे आहे ते सांग फक्त. मला इथून दिसत नाहीये."

"डावीकडे," नोबुए नाक पुसत म्हणाली. "अजून. तिकडे नाही, माझ्या डावीकडे. हं. तिथे."

तो पुसू लागला. फडकं काळं होऊन आलं, ती धूळ होती. डाग लाकडात मुरलेला होता. तो कसला जातोय! बाहेर माणसांचे आवाज आले, चटया उचलणारे दहा मिनिटं आधीच आले होते. कुसाकाने पालथ्या हाताने घाम पुसला आणि मान वळवून खाली बघितलं. बायको डोकं उशीवर टेकून त्याच्याकडे बघत होती.

"गेला का?" त्याने विचारलं.

"नाही गेला," नोबुए म्हणाली. "पण इतक्यात उतरू नका."